जन्मताना ठणठणीत, सातव्या महिन्यात थॅलेसेमिया: मधल्या काळात जनुकांचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवणारे एक शिक्षक विचारतात, "बहिणीची मुलगी जन्मली तेव्हा वजन, रंग, हिमोग्लोबिन सगळं ठीक होतं. सातव्या महिन्यात पांढरीफटक पडली, हिमोग्लोबिन ५.८ निघालं आणि आता बीटा थॅलेसेमिया मेजर सांगितलंय. बहीण आत्याच्याच घरी दिली आहे. घरातले म्हणतात, बाहेरचं दूध बाधलं. दुसरं म्हणजे भावजींच्या चुलतभावाचा डीएनए रिपोर्ट अगदी हाच आहे, तरी तिशी उलटली तोवर त्याला एकदोनदाच रक्त लागलं. हे कसं? आणि पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन मोठेपणी पुन्हा चालू करता येतं म्हणतात, ते खरं का?"

सर, आधी घरातल्यांसाठी उत्तर. दूध, लस, दात येणं, बाळंतपणात लावलेली सलाईन, कशाचाही संबंध नाही. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिनची एक साखळी पुरेशी न बनणं, आणि तो दोष गर्भ राहिला त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक पेशीत होता. फक्त तो ज्या जनुकात आहे, त्या जनुकावर तोवर फारसं काम पडलेलं नव्हतं. पहिले काही महिने ती दुसऱ्याच जनुकाच्या जिवावर निभावली. ते दुसरं जनुक आजही तिच्याकडे शाबूत आहे, पण बंद आहे. ते बंद कोण करतं, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांत बऱ्यापैकी उलगडलंय, आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत. तुम्ही जीवशास्त्र शिकवता, म्हणून जरा आत शिरूनच सांगतो.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फाच्या घराण्यातल्या आणि दोन बीटाच्या. अल्फा घराणं १६ व्या गुणसूत्राच्या टोकाजवळ राहतं, बीटा घराणं ११ व्यावर. ११ व्यावरचा क्रम असा: एप्सिलॉन, शेजारी शेजारी दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. गंमत म्हणजे आयुष्यात ही जनुकं ज्या क्रमाने कामाला लागतात, त्याच क्रमाने ती गुणसूत्रावर मांडलेली आहेत. पहिले काही आठवडे पीतककोशात (योक सॅकमध्ये) एप्सिलॉन. मग यकृतात रक्त तयार व्हायला लागतं तेव्हा गॅमा. जन्माच्या आसपास अस्थिमज्जेत बीटा जोर धरतं. अल्फा आणि गॅमा मिळून होतं ते हिमोग्लोबिन एफ, अल्फा आणि बीटा मिळून हिमोग्लोबिन ए. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मताना ६० ते ८० टक्के एफच असतं. पुढच्या सहा महिन्यांत ते झपाट्याने उतरतं, आणि मोठ्या माणसात १ टक्क्याच्याही खाली जातं.

हा बदल जन्मामुळे होतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळातही गॅमाकडून बीटाकडे जाणं गर्भधारणेपासूनच्या वयानुसारच होतं. नाळ लवकर कापली म्हणून बीटा लवकर सुरू होत नाही. आईला मधुमेह असेल तर बाळात हा बदल उलट लांबतो.

नवजात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं हे १८६६ साली क्योर्बर नावाच्या जर्मन संशोधकाने पाहिलं होतं. अल्कलीत टाकलं तरी ते लवकर नासत नाही, एवढंच त्याला दिसलं. त्याचा आजाराशी संबंध लावला जॅनेट वॉटसन या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी, १९४८ मध्ये. सिकल सेलची बाळं पहिले काही महिने ठीक का राहतात, तर त्यांच्याकडे गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं म्हणून, असं त्यांनी मांडलं. जनुकांबद्दल काहीच माहीत नसताना!

आता तुमच्या भाचीचं. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशिनच्या आलेखावर डावीकडे पहिल्या दीड मिनिटाच्या आत एफचा सुळका येतो, त्यानंतर ए, आणि शेवटी ए-टू, म्हणजे अल्फा आणि डेल्टाचं हिमोग्लोबिन. नवजात बाळाच्या आलेखात एफ उंच आणि ए बुटका, हे अपेक्षितच असतं. पूर्ण दिवसांच्या बाळात ए मुळीच नसेल तर आम्ही सावध होतो. पण तिच्यासारखा दोष असेल तर थोडं ए तयार होतं, आणि 'थोडं कमी ए' हे त्या वयात डोळ्याला खटकत नाही. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात प्रत्येकच बाळाचं हिमोग्लोबिन १०-११ पर्यंत उतरतं. त्या नैसर्गिक उतारात खरा उतार लपतो. मग सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ दूध पिताना दमायला लागतं, पोट मोठं दिसतं, पानथरी हाताला लागते, तेव्हा धावपळ सुरू होते. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो: अशा बाळाला पहिली पिशवी लावण्याआधी एचपीएलसीचा नमुना काढलाच पाहिजे. रक्त चढलं की आलेखात दात्याचं ए दिसतं, आणि पुढचे तीन महिने रिपोर्टला अर्थ राहत नाही.

आता मूळ मुद्दा, प्रतिलेखनाचा, म्हणजे जनुकावरून आरएनए लिहिला जाण्याचा.

बीटा जनुकाच्या लगेच आधी प्रमोटर असतो, म्हणजे प्रतिलेखन जिथून सुरू होतं तो डीएनएचा भाग: टाटा बॉक्स, सीसीएएटी बॉक्स, आणि सीएसीसीसी नावाचा पट्टा. या शेवटच्या पट्ट्यावर केएलएफ१ हे प्रथिन बसतं. ते लाल पेशींच्या पूर्वज पेशींत असतं आणि बीटाला ते लागतंच. गाटा१, टीएएल१, एलडीबी१ ही मंडळीही तिथे जमतात. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते. रक्ताच्या आजारांत ती इथे सुरू होते, कारण प्रमोटर धडधाकट आणि जनुक धडधाकट असूनही थॅलेसेमिया असलेली माणसं आहेत.

१९८० च्या सुमारास एका डच कुटुंबाचा अभ्यास झाला. त्यांच्या ११ व्या गुणसूत्रावरचा मोठा तुकडा गळला होता. बीटा जनुक मात्र त्यातून वाचलं होतं, अगदी आपल्या प्रमोटरसकट. तरीही त्या गुणसूत्रावरून बीटा साखळी तयार होत नव्हती. म्हणजे जनुकाला लागणारं काहीतरी त्या गळलेल्या, बऱ्याच लांबच्या भागात होतं. ते पुढे सापडलं: एप्सिलॉनच्याही अलीकडे, बीटापासून सुमारे ५० हजार अक्षरं दूर, डीएनएचे पाच मोकळे पट्टे. त्यांना मिळून लोकस कंट्रोल रीजन म्हणतात, एलसीआर. १९८७ मध्ये ग्रोसव्हेल्ड आणि सहकाऱ्यांनी हे पट्टे मानवी बीटा जनुकाला जोडून उंदरात घातले. तोवर उंदरात घातलेलं बीटा जनुक कसंबसं कुठेतरी चालायचं. हे पट्टे जोडल्यावर ते उंदराच्या स्वतःच्या जनुकाच्या तोडीने चालू लागलं, गुणसूत्रावर कुठेही जाऊन बसलं तरी.

पन्नास हजार अक्षरं दूर बसून एलसीआर काम कसं करतो? मधला डीएनए वळसा घेतो आणि एलसीआर थेट चालू जनुकाच्या प्रमोटरला येऊन टेकतो. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने गुणसूत्राचे कोणते भाग एकमेकांजवळ आहेत हे मोजून हा वळसा दाखवला. एका वेळी एलसीआर प्रामुख्याने एकाच जनुकाला टेकतो, म्हणून गॅमा आणि बीटा यांच्यात त्याच्यासाठी ओढाताण असते. सोलापूरकराला हे समजायला वेळ लागू नये. उजनी धरणाची पाण्याची लाईन एकच. चावीवाला ज्या भागाचा व्हॉल्व्ह खोलतो तिकडे पाणी, बाकीचे कोरड्या नळाखाली घागर ठेवून बसलेले. उपमा इथपर्यंतच खरी, कारण पेशीत असा कुणी एक चावीवाला नाही. पण ओढाताण खरी आहे. २०१४ मध्ये ब्लोबेल यांच्या गटाने प्रौढ माणसाच्या पूर्वज लाल पेशींत एलडीबी१ हे प्रथिन मुद्दाम गॅमाच्या प्रमोटरवर नेऊन बसवलं. एलसीआर गॅमाकडे वळला, गॅमा वाढलं, आणि बीटा आपोआप उतरलं. तुमच्या भाचीसारख्या मुलीत नेमकं हेच व्हावं असं आम्हाला वाटतं.

मग प्रौढपणी एलसीआर गॅमाकडे का जात नाही? इथे बीसीएल११ए येतं.

हे नाव आधी कर्करोगाच्या संदर्भात माहीत होतं. २००७-०८ मध्ये निरोगी लोकांत एफ कमीजास्त का असतं याचा संपूर्ण जीनोमभर शोध घेतला, तेव्हा दुसऱ्या गुणसूत्रावरच्या या जनुकाकडे बोट दाखवलं गेलं. २००८ मध्ये शंकरन आणि ऑर्किन यांनी माणसाच्या पेशींत हे प्रथिन कमी केलं, तर गॅमा पुन्हा चालू झालं. म्हणजे बीसीएल११ए हे गॅमाला दाबणारं प्रथिन आहे. ते गॅमाच्या प्रमोटरवर, जनुक सुरू होण्याच्या सुमारे ११५ अक्षरं आधी, टीजीएसीसीए या सहा अक्षरांवर बसतं आणि क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) आवळणारी यंत्रणा तिथे बोलावतं. त्याहून मागे, २०० अक्षरांच्या आसपास, एलआरएफ नावाचं दुसरं प्रथिन हेच काम स्वतंत्रपणे करतं. गर्भाच्या यकृतात बीसीएल११ए फार कमी असतं. अस्थिमज्जेत ते भरपूर असतं. आणि त्याला चालना कोण देतं? तेच केएलएफ१, जे बीटाला उठवतं. एकच प्रथिन एका बाजूने बीटाला चालू करतं आणि दुसऱ्या बाजूने गॅमाला दाबणाऱ्याला बळ देतं. केएलएफ१ चं एक जनुक बिघडलेल्या माल्टामधल्या एका कुटुंबात म्हणूनच एफ वाढलेलं सापडलं, २०१० मध्ये.

हे सगळं प्रयोगशाळेच्या आधी निसर्गानेच करून ठेवलंय. जगात अशी कुटुंबं आहेत ज्यांच्यात मोठेपणीही एफ भरपूर राहतं आणि त्यांना काहीच त्रास नसतो. त्यांच्या गॅमा प्रमोटरमध्ये एखादंच अक्षर बदललेलं असतं. उणे ११७ (म्हणजे जनुक सुरू होण्याच्या ११७ अक्षरं आधी) किंवा उणे ११४ ला बदल झाला की बीसीएल११ए ला बसायला जागा उरत नाही. उणे २०० च्या आसपास बदल झाला की एलआरएफ हटतं. उणे १९८ ला टी च्या जागी सी आला तर उलटंच होतं: केएलएफ१ ला बसायला नवी जागा तयार होते. दाबणारा काढा किंवा उठवणारा आणा, दोन्ही वाटांनी गॅमा चालू. असा बदल आणि बीटा थॅलेसेमिया दोन्ही एकाच माणसात आले, तर तो माणूस बहुधा दवाखान्याची पायरीही चढत नाही.

आता भावजींच्या चुलतभावाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की दोघांच्या रिपोर्टवर आयव्हीएस १-५ (पहिल्या इंट्रॉनमधलं पाचवं अक्षर), जी ऐवजी सी, दोन्ही प्रतींत, असं आहे. भारतात बीटा थॅलेसेमियात सर्वात जास्त आढळणारा बदल हाच. पण एक लक्षात घ्या, हा प्रतिलेखनाचा दोषच नाही. बीटाचा आरएनए व्यवस्थित लिहिला जातो. त्यातला नको असलेला भाग, म्हणजे इंट्रॉन, कापून जोडताना कात्री चुकीच्या जागी चालते. आपल्याकडचे बहुतेक गंभीर दोष असे प्रतिलेखनानंतरचे आहेत. प्रमोटरमधले दोष, म्हणजे उणे २८ किंवा उणे ८८ चे, तुलनेने सौम्य असतात, कारण त्यात प्रतिलेखन मंदावतं, थांबत नाही.

म्हणजे बीटा दोघांचं सारखंच बिघडलंय. फरक बीटाच्या बाहेर आहे. पहिली शंका उणे १५८ ची. दोन गॅमांपैकी पहिल्याच्या प्रमोटरमध्ये या जागी सी ऐवजी टी असेल, तर मज्जेवर ताण आल्यावर गॅमा जास्त चालतं. निरोगी माणसात या बदलाने एफ फारसं वाढत नाही; थॅलेसेमियात मात्र तोच कामाला येतो. रिपोर्टवर हा 'एक्सएमएन-१ पॉझिटिव्ह' असा लिहिलेला असतो. भारतीय रुग्णांत तो बऱ्यापैकी आढळतो. दुसरी शक्यता बीसीएल११ए मधल्या किंवा सहाव्या गुणसूत्रावरच्या एमवायबी जनुकाजवळच्या बदलांची. तिसरी अल्फाची, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात.

बीटा थॅलेसेमियात नुकसान बीटा कमी पडल्यामुळे होतं त्यापेक्षा जास्त अल्फा शिल्लक राहिल्यामुळे होतं. जोडीदार न मिळालेली अल्फा साखळी पूर्वज पेशीतच साचते आणि पेशी मज्जेतच मरते. अल्फाच्या घराण्यात प्रौढासाठी गॅमासारखं बदली जनुक नाही. एका गुणसूत्रावर दोन अल्फा असतात आणि त्यांचे एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारे डीएनएचे पट्टे) शेजारच्या एका वेगळ्याच जनुकाच्या पोटात आहेत. या चारपैकी एक-दोन अल्फा गळलेली असली, जे भारतात विरळ नाही, तर शिल्लक अल्फा कमी होतं आणि आजार हलका पडतो. चुलतभावाची अल्फाची तपासणी झालेली नसेल तर जरूर करा. भाचीचीही करा. तिचा पुढचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडेल.

तिसरा प्रश्न: गॅमा पुन्हा चालू करता येतं का? हो, येतं. दोन वाटा आहेत आणि त्यांची लायकी फार वेगळी आहे.

औषधांची वाट १९८२ ची. गॅमा बंद असताना त्याच्या प्रमोटरवर मेथिल गट चिकटलेले असतात, म्हणून ते काढणारं अ‍ॅझासायटिडीन एका थॅलेसेमियाच्या रुग्णाला दिलं गेलं आणि गॅमा वाढलं. तर्क बरोबर ठरला असं वाटलं. पण १९८४ मध्ये सिकल सेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया दिलं, जे मेथिल गटांना हात लावत नाही, तरीही एफ वाढलं. म्हणजे वाढीचा बराच भाग मज्जेवरच्या ताणातून येत होता. सिकल सेलमध्ये हायड्रॉक्सियुरियाने लाखो लोकांचं आयुष्य बदललं. थॅलेसेमियात त्याचा उपयोग मिश्र आहे: चुलतभावासारख्या मध्यम रुग्णात हिमोग्लोबिन दीड-दोनने वाढू शकतं, नियमित रक्त लागणाऱ्या मुलांत मात्र कित्येकदा काहीच फरक दिसत नाही. थॅलिडोमाइडही आपल्याकडे वापरलं जातं. गर्भावर त्याचे परिणाम भयंकर आहेत. वयात आलेल्या मुलीला ते कुणी सहज लिहून देत असेल तर थांबवून प्रश्न विचारा.

दुसरी वाट जनुक कापण्याची, आणि तिच्यातली हुशारी बघण्यासारखी आहे. बीसीएल११ए सरळ मोडून चालत नाही. ते मेंदूला लागतं, रोगप्रतिकारशक्तीच्या बी पेशींना लागतं. एक प्रत जन्मतः गळलेल्या मुलांत एफ वाढलेलं असतं, पण बौद्धिक विकास खुंटलेला असतो. २०१३ मध्ये सापडलं की लाल पेशींत बीसीएल११ए चालवणारा एन्हान्सर वेगळाच आहे, त्याच जनुकाच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये. त्यातल्या एका गाटा१ च्या जागेवर क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राने, काप दिला की बीसीएल११ए फक्त लाल पेशींत उतरतं आणि बाकी शरीराला कळतही नाही. रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी काढायच्या, त्यांच्यात हा काप द्यायचा, बुसल्फान या औषधाने मज्जा रिकामी करायची आणि त्या परत द्यायच्या. याला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. नियमित रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या प्रकाशित अभ्यासात पुरेसा काळ पाहणी झालेल्या ३५ पैकी ३२ जणांना सलग किमान वर्षभर बाहेरचं रक्त लागलं नाही. बीटा तसंच बिघडलेलं राहिलं. गॅमाने काम उचललं.

अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आणि मान्यता १२ वर्षांपुढच्यांसाठी दिली. म्हणून भाचीसाठी आज त्याच्या मागे लागू नका. तिच्यासाठी आज महत्त्वाचं ते नेहमीचंच: हिमोग्लोबिन ९ ते १० च्या खाली जाऊ न देता रक्त, लोह वाढायला लागलं की ते काढणारं औषध न चुकवता. पुढे सख्खं भावंड झालं आणि एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळलं, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा आजही सर्वात खात्रीचा उपाय आहे.

आता थोडं तुमच्याबद्दल, कारण ते तुम्ही विचारलेलं नाही. बहीण मायनर आहे, म्हणजे दोषाची एकच प्रत असलेली वाहक आहे; तेव्हा तुमच्या आई-वडिलांपैकी निदान एकजण मायनर आहे, आणि तुम्ही असण्याची शक्यता निम्मी. आत्याच्या, मामाच्या घरी मुली देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तेव्हा चुलत, आते, मामे भावंडांनाही तपासा. सीबीसीत पेशी लहान आणि एचपीएलसीत ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर असलं की मायनर. या ए-टू मध्ये डेल्टा साखळी असते. डेल्टाच्या प्रमोटरमधला सीएसीसीसी पट्टा मुळातच खराब असल्याने केएलएफ१ तिथे नीट बसत नाही, म्हणून निरोगी माणसात ए-टू दोन-तीन टक्क्यांवरच अडकतं. बीटा कमी पडलं की त्याचा वाटा वाढतो. शरीरात लोह फार कमी असेल तर ए-टू खोटं नॉर्मल दिसू शकतं. तेव्हा घरातल्या बायकांचा रिपोर्ट काठावर आला तर लोह भरून काढून पुन्हा तपासा, 'नॉर्मल' म्हणून सोडून देऊ नका.

बहिणीला दुसरं मूल हवं असेल तर पाळी चुकल्याच्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा कण काढून डीएनए तपासता येतो. तेव्हा गर्भाचं रक्त तपासून उपयोग नसतो, कारण तिथे गॅमाचंच राज्य असतं. डीएनएतला दोष मात्र पहिल्या दिवसापासून वाचता येतो. त्यासाठी आई-बाप दोघांचा दोष आधीच माहीत असावा लागतो, आणि तुमच्याकडे तो रिपोर्ट आहे. त्याच्या झेरॉक्स काढून एक बहिणीच्या फाईलला लावा, एक स्वतःकडे ठेवा.